ढेकूळसाहेब

मी सोलापूरला नोकरीवर हजर झालो त्या दिवशी साहेबांनी माझे कागद बघितलेच नाहीत. कोटाच्या खिशातून कागदात गुंडाळलेलं मातीचं एक ढेकूळ काढलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि विचारलं, "काय म्हणतंय?"

मी पुण्याहून शेतकीची पदवी घेऊन नुकताच आलो होतो. मातीचा रंग, त्यातला चुनखडीचा अंश, काळ्या जमिनीचे गुण आणि दोष, जेवढं आठवलं तेवढं घडाघडा म्हणून दाखवलं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ढेकूळ परत घेतलं, अंगठ्यानं दाबून फोडलं, वास घेतला आणि त्यातला एक कण जिभेवर ठेवला.

"पाणी मागतंय," ते म्हणाले. "एवढं बोललात, पण तेवढंच राहिलं."

त्या दिवसापासून ते मला 'पदवीधर' म्हणायला लागले. त्यांचं स्वतःचं नाव सरकारी कागदावर होतं, पण आसपासच्या गावांत ते कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना ढेकूळसाहेब म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

एकोणीसशे तीसच्या आसपासची ही गोष्ट. शहराबाहेर, गिरण्यांचा भोंगा ऐकू यावा पण धूर अंगावर येऊ नये इतक्या अंतरावर, सरकारचं एक लहानसं प्रयोगक्षेत्र होतं. पंचवीस-तीस एकर काळी, कौलारू छपराची एक बैठी इमारत आणि होळीनंतर तळ गाठणारी एक विहीर. कमी पावसात शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, पीक कसं तगवायचं, ते शोधून काढणं हे आमचं काम. साहेब मुख्य, मी त्यांचा मदतनीस, आणि मल्लप्पा नावाचा मुकादम, अक्कलकोटकडचा. घरी कानडी बोलायचा, आमच्याशी मराठी. औत आणि माणसं त्याच्या हाताखाली होती, आणि खरं म्हणजे आम्हीही.

साहेबांचा कोट बघून अनोळखी माणूस बुचकळ्यात पडे. दोन्ही खिसे खाली लोंबलेले. उजव्यात त्या दिवशी गोळा केलेली ढेकळं, डाव्यात आदल्या दिवशीची. प्रत्येकावर कागद, आणि कागदावर वाफ्याचा नंबर. परटिणीनं एकदा कोट तसाच परत आणून दिला. "ह्यातलं रान आदी काडा, मग धुते," म्हणाली.

आभाळाविषयी ते घरी आलेल्या पाहुण्यासारखं बोलत. पश्चिमेला ढग जमले की दारात उभे राहून सांगत, "मंडळी आलीत. पण टोपी काढून बसतील असं दिसत नाही." बहुतेक वेळा मंडळी उभ्याउभ्याच निघून जात. तेव्हा साहेब ढगांना काही बोलत नसत. आत येऊन एवढंच म्हणत, "त्यांना पुढं काम असेल."

पण त्यांची सगळ्यात विचित्र सवय होती ती छत्र्या दुरुस्त करण्याची.

सोलापुरात छत्रीचं काम वर्षातून किती दिवस पडतं ते तिथं राहिलेल्याला सांगायला नको. आणि साहेबांच्या घरात, मागच्या पडवीत, कधीही बघा, पंधरा-वीस मोडक्या छत्र्या भिंतीला टेकून उभ्या असायच्या. आळीतले लोक आणून टाकत. साहेबांपाशी एक पक्कड, तारेची गुंडाळी, सुईदोरा आणि मेणाचा तुकडा असलेली पेटी होती. कामावर काही बिनसलं, पीक जळालं, आकडे जुळले नाहीत, पुण्याहून एखादं खरमरीत पत्र आलं, की संध्याकाळी ते पडवीत पाट टाकून बसत आणि एक छत्री हातात घेत.

माझं लग्न झालेलं नसल्यामुळे मी दोन्ही वेळा त्यांच्याकडेच जेवायला असे. त्यांच्या पत्नीला मी काकू म्हणायचो. मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "स्वारीनं छत्री उघडली म्हणजे आज काहीतरी फिसकटलेलं दिसतंय. आज चार दाणे उगवले असते तर इथं शिळोप्याच्या गप्पा मारत बसले असते. अरे, गावात पाऊस नाही आणि आमच्या घरात सतरा छत्र्या. लोक हसतात मला."

मी साहेबांना विचारलं, हे का करता?

"जमिनीला आपण एक प्रश्न विचारतो," ते दोरा ओवता ओवता म्हणाले, "आणि ती वर्षभर बोलत नाही. वर्षानं बोलते, ती सुद्धा तोंडातल्या तोंडात. छत्री अर्ध्या तासात उत्तर देते. उघडली तर उघडली, नाही तर नाही. वाईट दिवशी माणसानं पुरं होणारं एक तरी काम करावं, पदवीधर. आणि मोठं काही ठरवू नये."

हे सांगताना त्यांचा आवाज उपदेशाचा नव्हता. आज तोंडलीची भाजी आहे, इतक्या साधेपणानं ते सांगत.

माझ्या पहिल्याच वर्षी म्हशींचा प्रसंग घडला. शाळूच्या नऊ जातींचं तिसऱ्या वर्षाचं पीक वाफ्यांत पोटरीला आलेलं. एका पहाटे कुणाच्या तरी सात म्हशी कुंपण मोडून आत शिरल्या. मी पोहोचलो तेव्हा मल्लप्पा त्यांना हाकलत होता आणि निम्म्या वाफ्यांचा चोथा झाला होता. तीन वर्षांचं काम. मी बांधावर बसलो आणि मला खरोखर रडू आलं.

साहेब आले. त्यांनी सगळ्या वाफ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "उठा. वही घ्या. कुठल्या वाफ्यात किती खाल्लंय ते आधी लिहून काढा. ऊन चढलं की कळणार नाही."

"आता काय उपयोग त्याचा?"

"म्हशींनी नऊ जाती चाखून बघितल्यात. आपण नाही कधी चाखल्या."

दुपारपर्यंत आम्ही वाफ्यावाफ्यांतून फिरलो. निघालं असं की चार नंबरची जात त्यांनी पार मुळापर्यंत खाल्ली होती आणि सात नंबरला तोंडही लावलं नव्हतं. साहेबांनी त्या पानावर मथळा घातला, 'म्हशींचे मत'. पुण्याला पाठवलेल्या अहवालात ते पान तसंच गेलं आणि तिथून त्यावर लाल शाईचं प्रश्नचिन्ह आलं. पण पुढे शेतकरी बी मागायला येत तेव्हा हटकून विचारत, "म्हशीला आवडल्याली जात कंची, ती द्या." कडबा गोड असल्याशिवाय शेतकरी जात घेत नाही, हे आम्हाला सात म्हशींनी शिकवलं.

त्या संध्याकाळी मात्र साहेबांनी लागोपाठ तीन छत्र्या दुरुस्त केल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, या माणसाला लागतं. आपल्याइतकंच लागतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती माझी आहे आणि त्यांचीही.

साहेबांचा कोळपणीवर फार विश्वास होता. पीक उभं असताना दोन ओळींमधून बैल जुंपून कोळपं फिरवलं की वरची माती भुसभुशीत होते, भेगा बुजतात आणि खालची ओल उडून जात नाही, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण किती वेळा कोळपलं तर किती ओल राहते, हे कुणी मोजलेलं नव्हतं. ते साहेबांनी मोजायला घेतलं, आणि मोजणी माझ्याकडे सोपवली. काही वाफे चार वेळा कोळपायचे, काही अजिबात नाही. दर आठवड्याला गिरमिटानं खालची माती काढायची, डब्यांत भरून वजन करायचं, भट्टीत वाळवायची आणि पुन्हा वजन करायचं. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी.

भट्टी म्हणजे तांब्याची एक पेटी होती, खाली रॉकेलचा स्टोव्ह आणि आत दोन खण, एक खालचा, एक वरचा. मी स्वभावानं नीटनेटका. कोळपलेल्या वाफ्यांच्या डब्या नेहमी खालच्या खणात ठेवायचो, बिनकोळपलेल्यांच्या वरच्या. गोंधळ नको म्हणून.

दोन हंगाम असे गेले. आकडे इतके सुंदर आले की मलाच माझा अभिमान वाटायला लागला. दर आठवड्याला कोळपलेल्या वाफ्यांत ओल जास्त. एकदाही उलटं नाही. साहेबांनी अहवाल लिहिला, त्यात माझं नाव घातलं. पुण्याचे मोठे साहेब, म्हणजे खात्याचे गोरे अधिकारी, खूश झाले. 'शाळूला चार वेळा कोळपा' असं शेतकऱ्यांसाठी पत्रक निघायचं ठरलं आणि छापखान्यात गेलं. साहेबांची बढती कितीतरी वर्षं अडली होती, तिची चर्चा पुन्हा सुरू झाली. माझी नोकरी हंगामी होती, ती कायम होणार असं कळलं. करमाळ्याला माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. तिथं माझ्या लग्नाची बोलणी 'कायम' या एका शब्दावर येऊन थांबली होती. मी दोन दिवसांची रजा काढून घरी गेलो आणि बातमी सांगून आलो.

त्या दोन दिवसांत माती काढायचा वार आला होता. ते काम मल्लप्पानं केलं. परत येऊन मी आकडे मांडले तर सगळं उलटं. बिनकोळपलेल्या वाफ्यांत पाणी जास्त.

"मल्लप्पा, डब्यांची अदलाबदल केलीस का?"

"नाही साहेब. नंबर बघूनच ठेवलो की."

"मग हे असं कसं आलं?"

"ते मला काय ठाऊक. मी काय केलो नाही. बिनकोळपल्याली रांग जवळ होती, तिची माती आधी काढलो, म्हणून ती खाली ठेवलो. कोळपल्याली वर ठेवलो. एवढंच."

मी त्याच्यावर ओरडणार होतो, पण शब्द तोंडातच राहिले. स्टोव्ह खाली असतो. खालचा खण जास्त तापतो. तिथली माती पुरती वाळते, वरची अर्धीमुर्धी ओली राहते. म्हणजे जी डबी खाली ठेवाल तिच्यात पाणी जास्त दिसणार, मग ती कोळपलेल्या वाफ्याची असो की कुठलीही.

मल्लप्पा गेल्यावर मी एकाच ठिकाणची माती दोन डब्यांत निम्मीनिम्मी भरली. एक खाली ठेवली, एक वर. दोन्हींत पाणी सारखं दिसायला हवं होतं. खालच्या डबीत जास्त दिसलं. तीन दिवस मी हेच करत राहिलो. तीनही दिवस तेच.

दोन हंगाम मी जमीन मोजतच नव्हतो. भट्टी मोजत होतो.

हे कळल्यावर मी काय केलं ते सांगायला आजही जीभ अडखळते. मी काही केलं नाही. गप्प बसलो. रोज सकाळी ठरवायचो की आज सांगायचं आणि रोज संध्याकाळी कारण सापडायचं. आज साहेब थकलेत. आज साहेब आनंदात आहेत. आज पाहुणे आहेत. छापखान्यात पत्रकाचे खिळे जुळत असतील, हा विचार डोक्यातून जात नसे. एकदा वाटलं, राजीनामा लिहून टपालात टाकावा आणि गाडीत बसावं. करमाळ्याला कुणाला काही कळलं नसतं. पण मग मल्लप्पा तशाच डब्या ठेवत राहिला असता, आणि कुणीतरी गरीब माणूस आपले दोनच बैल चार वेळा रानात फिरवत राहिला असता.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी जेवणं झाल्यावर काकू मला म्हणाल्या, "अरे, आठ-दहा दिवस बघतेय, ह्यांच्या प्रत्येक बोलण्यावर तू हसतोयस. ह्यांचं बोलणं एवढं हसण्यासारखं नसतं. काय झालंय?"

"काही नाही, काकू."

त्यांनी पुढं विचारलं नाही. पण साहेबांना काही बोलल्या असाव्यात. दुसऱ्या दिवशी रविवार होता. साहेबांनी मला पडवीत बोलावलं. समोर एक छत्री उघडी पडली होती, तिच्या दोन काड्या निखळलेल्या.

"ही धरा जरा," ते म्हणाले. "एकट्याच्या हातानं होत नाही."

मी काडी धरून बसलो. ते तार पिळत होते. त्या दिवशी कामावर काहीच बिनसलेलं नव्हतं, तरी छत्री काढली होती, हे माझ्या ध्यानात आलं. आणि मान खाली घालून मी बोलायला लागलो. भट्टी, खण, स्टोव्ह, मल्लप्पा, तीन दिवसांची परीक्षा, बारा दिवसांचं गप्प बसणं, सगळं. मध्ये एकदाही थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरुवात झाली नसती.

त्यांनी तारेचा शेवटचा पीळ दिला. छत्री उघडली, मिटली, भिंतीला उभी केली.

"खालच्या खणात कुठल्या?"

"कोळपलेल्या."

"नेहमी?"

"नेहमी."

ते उठले. चपला घालून बाहेर पडले आणि क्षेत्राच्या वाटेला लागले. काकू दारातून बघत होत्या. मला म्हणाल्या, "जाऊ दे त्यांना. तू इथंच बस."

मला वाटलं होतं, हा माणूस हसून पाठीवर हात ठेवील. तसं काही झालं नाही. दिवेलागणीला परत आले ते न बोलता जेवले. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे बघितलंही नाही. भट्टीसमोर खुर्ची टाकून बसले आणि स्वतःच्या हातानं डब्या भरायला, ठेवायला, काढायला लागले. मी काही द्यायला गेलो तर हातानंच नको म्हणाले. असे तीन दिवस. त्या तीन दिवसांत ते मला फार म्हातारे दिसले. कोळपणी ही त्यांची वीस वर्षांची श्रद्धा होती आणि मी तिला खोटा पुरावा आणून दिला होता. खरा पुरावा असता तर असता, नसता तर नसता. पण खोटा फार वाईट.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बांधावर बोलावलं. स्वतः बसले, मलाही बसवलं.

"तुमची परीक्षा बरोबर आहे," ते म्हणाले. "आकडे गेले. दोन्ही हंगामांचे."

मी मान हलवली.

"मला राग आलेला नव्हता असं समजू नका. आला होता. अजून थोडा आहे. पण बारा दिवस गप्प बसलात त्याबद्दल मी तुम्हाला बोलू शकत नाही. मी नऊ वर्षं गप्प बसलो होतो."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते काकूंशिवाय कुणाला ठाऊक नसावं. तरुणपणी ते माळशिरसकडच्या गावांत सरकारी बी वाटायला फिरत. एका वर्षी त्यांच्या हातून पोत्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. एका गावाला भलतंच बी गेलं, त्या जमिनीत न येणारं. पीक बुडालं. साहेबांना महिन्याभरानं चूक कळली. पण अहवालात त्यांनी लिहिलं, पावसानं दगा दिला.

"पाऊस काही माझ्यावर खटला भरायला येणार नव्हता," ते म्हणाले. "मी सुटलो. पण त्या गावाला पुन्हा गेलो नाही. त्या बाजूला काम निघालं तर मी चार कोसांचा वळसा घ्यायचो. नऊ वर्षं घेतला. शेवटी एके दिवशी काय वाटलं कोण जाणे, सरळ गेलो. ज्यांना बी दिलं होतं ते पाटील म्हातारे झाले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. ते काय म्हणाले माहीत आहे?"

"काय?"

"म्हणाले, 'आमाला तवाच ठावं झालं की. बी उगवून दोन पानावर आलं तवाच कळलं, ह्ये आपलं न्हवं. कुणब्याला रोप वळखत न्हाई व्हय? तुमी परत आला न्हाई, म्हनून आमीबी काय बोललो न्हाई. बसा, गूळ खावा, पानी प्या.'"

साहेबांनी बांधावरचं एक ढेकूळ उचलून अंगठ्यानं फोडलं.

"नऊ वर्षं, पदवीधर. आणि त्यांना पंधरा दिवसांतच कळलं होतं. मी कुणापासून लपवत होतो?" मग ते उठले, धोतर झटकलं. "उद्याच्या गाडीनं पुण्याला जायचं. पत्र लिहायचं नाही. पत्रात माणूस स्वतःची बाजू मांडतो. समोर जाऊन सांगायचं."

पुण्याच्या कचेरीत मोठ्या साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर आम्ही तासभर बसलो होतो. मी दाराकडे बघत होतो. साहेब मात्र कोटाच्या खिशात हात घालून कुठल्यातरी ढेकळाचा भुगा करत होते, हे मला ऐकू येत होतं.

आत गेल्यावर साहेब इंग्रजीत म्हणाले, "आमच्या कोळपणीच्या अहवालातले आकडे चुकलेले आहेत. चूक माझ्या केंद्राची. पत्रक थांबवावं."

"चूक माझी आहे," मी म्हणालो.

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. आम्ही सगळी हकीकत सांगितली, वही समोर ठेवली. ते बराच वेळ पानं उलटत होते. मग त्यांनी विचारलं, "हे शोधून कुणी काढलं?"

"ह्यांनीच," साहेब म्हणाले.

"मल्लप्पानं," मी म्हणालो. "आमच्या मुकादमानं. मला नंतर कळलं."

ते पुन्हा वहीत बघायला लागले. आणि भट्टीच्या पानावर थांबले. त्यांनी घंटी वाजवली, हेडक्लार्कला बोलावलं आणि विचारलं, "आपल्या इथल्या भट्टीला खण किती?"

"दोन, सर."

"माती कुठल्या खणात ठेवतात?"

हेडक्लार्कनं आमच्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि म्हणाला, "चौकशी करून सांगतो, सर."

मोठे साहेब खुर्चीत मागे टेकले. "मलाही माहीत नाही," ते म्हणाले. "बारा वर्षं मी या भट्टीचे आकडे छापतो आहे." पत्रक थांबवायचा हुकूम त्यांनी तिथंच लिहिला. दुसरा हुकूम खात्यातल्या सगळ्या केंद्रांना लिहिला, की डब्या दर खेपेला खालच्या वर आणि वरच्या खाली कराव्यात. नवी भट्टी मिळणार नाही असंही सांगितलं. आम्ही दाराशी पोहोचलो तेव्हा मागून म्हणाले, "त्या मुकादमाला माझा नमस्कार सांगा."

पुढचं थोडक्यात सांगतो. साहेबांची बढती त्या वर्षी राहिली, तीन वर्षांनी झाली. माझी नोकरी एक वर्ष उशिरा कायम झाली. करमाळ्याला मुलीच्या वडिलांना मी सगळं खरं लिहून कळवलं होतं. त्यांनी उत्तर पाठवलं, थांबतो. ती मुलगी म्हणजे माझी बायको, आणि भट्टीची गोष्ट सांगायला बसलो की ती अजून आतून विचारते, "खालचा खण सांगून झाला का?"

पुढच्या दोन हंगामांत आम्ही सगळं नव्यानं मोजलं, डब्या फिरवून. कोळपणीनं ओल टिकते हे खरंच निघालं, पण आम्ही म्हणत होतो तेवढी नाही, आणि दोनदा कोळपलं तरी पुरे. तिसऱ्या आणि चौथ्या खेपेनं हाती काही लागत नव्हतं. हे मल्लप्पाला सांगितलं तेव्हा त्यानं तंबाखूची चिमूट तशीच हातात धरली आणि थोडा विचार केला.

"मग बैलं सुटली की, साहेब," तो म्हणाला. "दोन खेपा वाचल्या त्यांच्या."

साहेबांनी पत्रक नव्यानं लिहिलं. बैल सुटले, हे त्यात घालता येत नाही म्हणून त्यांना वाईट वाटत होतं. निवृत्त झाल्यावर ते आपल्या गावी गेले. मला अधूनमधून पोस्टकार्ड येई. त्यात पाऊसपाणी, काकूंची तब्येत आणि शेवटी एक ओळ, या महिन्यात किती छत्र्या झाल्या ती. एका कार्डावर लिहिलं होतं, 'चैत्रापासून एकही नाही. हात आखडले.' ते वाचून मी कितीतरी वेळ एकटाच हसत बसलो होतो.

पण मला ते आठवतात ते पुण्याहून परत येतानाच्या गाडीत. कचेरीतल्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो होतो. दौंड सोडलं आणि साहेब झोपले. टोपी डोळ्यांवर आलेली, तोंड थोडं उघडं, दोन्ही हात खिशांत. इतका गाढ झोपलेला माणूस मी क्वचितच पाहिलाय. मी खिडकीपाशी बसून बाहेरचं रान बघत होतो. शाळू कापून झालेला होता, कडब्याच्या पेंढ्या उभ्या होत्या. मनात काहीच येत नव्हतं, आणि काही येत नाही याचंच नवल वाटत होतं.

कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबली. फलाटावरून तेलाचा वास आला आणि एकदम मला भूक लागली. साधीसुधी नाही, लहान मुलाला लागते तशी. मी खाली उतरलो, पानावर पुरीभाजी घेतली आणि उभ्याउभ्याच संपवली. लगेच आणखी एक घेतली, तीही संपवली. गार्डाची शिट्टी झाली तेव्हा तिसरं पान हातात घेऊन मी पळत डब्यात चढलो.

गाडी हलली त्या धक्क्यानं साहेब जागे झाले. टोपी सारखी केली, बाहेर बघितलं.

"कुठं आलो?"

"कुर्डुवाडी सुटली."

"मला उठवायचं नाही का? इथली पुरीभाजी चांगली असते."

मी पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही खाल्लीत?"

"दोनदा."

"मग झालं तर," साहेब म्हणाले, आणि मांडीवर रुमाल पसरून खायला लागले.